पॉझिटिव्ह राहायचं सोडलं तेव्हा: माझ्या धाकट्या भावाचं प्रकरण

हे माझ्या सख्ख्या भावाचं प्रकरण आहे. लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं, दोन ठिकाणी "असं नव्हतं गं अक्का" म्हणून त्यानं दुरुस्त करायला लावलं आणि मगच हो म्हणाला, फक्त नाव नको म्हणाला, म्हणून इथं तो धाकटाच. मी मानसशास्त्रात बीए केलंय आणि शाळेत शिकवते, डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. पण चार-पाच वर्षं हे सगळं घरात बसून बघितलंय आणि त्यातला काही भाग माझ्यामुळंही बिघडला, म्हणून नीट लिहून ठेवावं असं कधीपासून मनात होतं.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. नऊ एकर काळं रान, सगळं कोरडवाहू. या भागाला ज्वारीचं कोठार म्हणतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. धाकटा बीएस्सी ॲग्री झाला आणि जून २०१७ ला पुण्याला गेला, एमपीएससी करायला. नवी पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं, अभ्यासिकेत एक टेबल, मेस, सगळं धरून महिन्याला आठ-नऊ हजार, आप्पा, म्हणजे आमचे वडील, पाठवायचे. ज्यांच्या घरातलं कुणी या वाटेनं गेलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. ओपनला ३८ पर्यंत आणि राखीवला ४३ पर्यंत वय चालतं, त्यामुळं "अजून एक अटेम्प्ट" म्हणायला कायम जागा असते आणि त्यात वर्षं कशी जातात कळत नाही.

२०१८ ची राज्यसेवा पूर्व त्याची तीन मार्कांनी गेली. चारशेपैकी तीन. कारण साधं होतं, सीसॅटचे, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरमधले, वाचून प्रश्न सोडवायचे उतारे वेळेत होत नव्हते, आणि तेव्हा सीसॅटचे मार्क मेरिटला धरायचे (आता तो पेपर फक्त पात्रतेपुरता आहे). म्हणजे रोज चार उतारे घड्याळ लावून सोडवायचे, एवढाच उपाय होता. पण तीन मार्कांचं दुःख फार वाईट असतं, पन्नास मार्कांनी गेलं असतं तर एवढं लागलं नसतं. त्या अवस्थेत कुणीतरी त्याला एका दोन दिवसांच्या सेमिनारला नेलं, साडेसहा हजार फी. नाव घेत नाही. तिथं सांगितलं की तू जे मनात धरतोस तेच तुझ्याकडं येतं, शंका घेतलीस की ते मागं फिरतं, रोज पहाटे उठून एकवीस वेळा लिही, आणि प्लॅन बी ठेवू नकोस कारण प्लॅन बी ठेवणं म्हणजे मी नापास होणार हे स्वतःच कबूल करणं. आणि हो, निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा.

त्यानं हे मनापासून केलं. तो प्रत्येक गोष्ट मनापासून करतो, लहानपणी गुरं राखायला दिली तरी मोजून आणायचा.

पहाटे पाचला उठून लाँगबुकमध्ये लिहायचा, "मी उपजिल्हाधिकारी झालेलो आहे". टेबलासमोर भिंतीवर लाल दिव्याच्या गाडीचं चित्र. खरं तर गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झालेत, तो पुण्याला जायच्या आधीच, पण अभ्यासिकांच्या भिंतींवर ते चित्र अजून असतंच. आणि मी काय करत होते, तर रोज सकाळी त्याला तसलेच व्हिडिओ पाठवत होते, "तू करू शकतोस" वाले. मला वाटायचं मी आधार देतेय.

आता नुकसान नेमकं कुठं झालं ते सांगते, कारण लोक म्हणतात पॉझिटिव्ह विचारानं फायदा नाही झाला तरी तोटा काय आहे. तोटा असा की त्यानं टेस्ट सिरीज सोडली. पहिल्या दोन टेस्टमध्ये मार्क कमी आले, मग मनावर निगेटिव्ह परिणाम नको म्हणून तिसरी दिलीच नाही. सीसॅटच्या उताऱ्यांना हात लावला नाही, कारण ते उघडलं की पोटात गोळा यायचा आणि पोटात गोळा येणं म्हणजे शंका. त्याच खोलीत लातूरकडचा एक मुलगा होता, तो कायम घाबरलेला, "माझं काय खरं नाही" म्हणत असायचा आणि चुकांची एक वही ठेवायचा, टेस्टमध्ये जे चुकलं ते लाल पेनानं त्यात. सेमिनारच्या हिशोबानं तो निगेटिव्ह, म्हणून धाकट्यानं त्याच्यासोबत चहाला जायचं पण बंद केलं. तो मुलगा पुढं एसटीआय, म्हणजे राज्यकर निरीक्षक, झाला.

हे मी नंतर वाचलं, आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. गाब्रिएले ओटिंगेन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जर्मनीत पदवी झालेल्या मुलांवर २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आपल्याला नोकरी लागेल असं अनुभवावरून वाटत होतं त्यांचं चांगलं झालं, पण जे नोकरी लागल्याची सुंदर स्वप्नं जास्त रंगवायचे त्यांनी दोन वर्षांत अर्जच कमी केले, त्यांना नोकरीच्या ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. दोन्ही वेगळं आहे बघा. भरवसा वेगळा आणि मनात आधीच पोचून बसणं वेगळं. मनात पोचलं की पाय चालायचे थांबतात. माझ्या भावाच्या उताऱ्यांचं हेच झालं होतं.

२०१९ ला पूर्व निघाली पण मुख्य गेली. मग कोरोना. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली पूर्व परीक्षा पुढं पुढं जात शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली, त्याच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा पुढं ढकलली तेव्हा नवी पेठेत पोरं रस्त्यावर उतरली होती, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. ती पण गेली. आणि इथं त्या विचारपद्धतीचा दुसरा फटका बसतो. मन घट्ट असलं की यश मिळतं असं एकदा मानलं, की अपयश आलं म्हणजे मन घट्ट नव्हतं हे आपोआप आलं. पेपर अवघड होता, कोरोना होता, तयारी कमी होती, हे काही नाही, तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे नापास पण तूच आणि नापास होण्याचा विचार करणारा पण तूच. एका पराभवाचे दोन केले.

ऑगस्ट २०२२ मध्ये तो फोन उचलेना म्हणून मी पुण्याला गेले. दुपारचे दोन वाजले होते, तो झोपलेला. खोलीत अकरा लाँगबुक एकावर एक रचलेली, दोनशे पानी. मी वरची उघडली. पहिल्या पानांवर अक्षर सुंदर, आमच्या आप्पांसारखं टपोरं. पुढं पुढं ते आडवं होत गेलेलं, आणि शेवटच्या काही पानांवर प्रत्येक ओळीतला "मी" च गायब होता, नुसतं "उपजिल्हाधिकारी झालेलो आहे, उपजिल्हाधिकारी झालेलो आहे" खाली खाली. पेन एवढं दाबून लिहिलं होतं की पानाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती. मी तिथंच खाली बसून रडले. त्याचं वजन नऊ किलो कमी झालं होतं. आणि व्हॉट्सॲपला स्टेटस होतं, सगळं छान होणार.

घरी घेऊन आले. सोलापुरात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, झोप आधी सुधारली, मग जेवण. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की डायरी लिहिली आणि बरा झाला, तसं नाही. गोळ्या सात महिने होत्या. आणि तुमच्या घरात कुणी अशा अवस्थेत असेल आणि कुठं जायचं कळत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत पण बोलतात.

डॉक्टरांनी ज्या समुपदेशक मॅडमकडं पाठवलं त्यांनी पहिल्याच दिवशी जे विचारलं ते मला अजून आठवतं. धाकटा म्हणाला, "मॅडम, मी परत पॉझिटिव्ह कसा होऊ?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला पॉझिटिव्ह व्हायला कोण सांगतंय? आठवडाभर काही बदलू नका. दर तासाला काय केलं ते लिहा आणि तेव्हा कसं वाटलं त्याला दहापैकी मार्क द्या. एवढंच."

ती वही माझ्याकडं आहे. त्यातला एक दिवस असा: पहाटे ५ ते ६, एकवीस वेळा लेखन, १. (गावी आल्यावर पण ते चालूच होतं, आम्हाला माहीतच नव्हतं.) ९ ते १०, मोबाईल, २. ११ ते १२, पडून, २. दुपारी ४, म्हशीला पाणी दाखवलं, ४. संध्याकाळी ६, आज्जीची नखं कापली, ५. रात्री ९, मोटिव्हेशन व्हिडिओ, १.

सात दिवस जवळजवळ हेच. सगळ्यात वाईट तास कोणते तर नेमके ते, जे त्यानं आनंदासाठी राखून ठेवले होते. मॅडमनी वही त्याच्याकडं वळवली आणि काही बोलल्या नाहीत. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आज्जीची नखं कापताना मला काय वाटतंय हे बघायचं लक्षातच नव्हतं." मॅडम म्हणाल्या, म्हणूनच पाच आले असतील.

याच्यामागं शास्त्र आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जोआन वूड यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे त्यांना "मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे" असलं वाक्य परत परत म्हणायला लावलं तर त्यांना बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटतं. कारण वाक्य म्हणताना मन आतून "कुठं आहेस?" असं विचारत राहतं. म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच हे औषध बाधतं. आणि वाईट विचार येऊच द्यायचा नाही म्हटलं तर काय होतं ते डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवलं, लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणाले आणि आला तर घंटी वाजवा म्हणाले, घंट्या वाजतच राहिल्या.

मग इलाज काय केला? मॅडमनी मनाला हातच लावला नाही सुरुवातीला. सांगितलं, मूड यायची वाट बघायची नाही, वेळ झाली की उठायचं, वाईट वाटत असेल तर वाईट वाटत वाटत उठायचं. म्हशीचं दूध काढणं, आज्जीला देवळात नेऊन आणणं, संध्याकाळी दोन किलोमीटर चालणं, वहीतले जे चार-पाच मार्कवाले तास होते ते वाढवायचे आणि एकवाले काढून टाकायचे. नील जेकबसन यांच्या अमेरिकेतल्या १९९६ च्या अभ्यासात डिप्रेशनच्या सुमारे दीडशे रुग्णांचे गट केले होते, त्यात नुसती दिवसाची कामं मार्गी लावलेला गट हा विचार बदलायची पूर्ण थेरपी घेतलेल्या गटाइतकाच सुधारला. मला हे वाचून फार हायसं वाटलं. आनंदी विचार आधी आणि मग काम असं आपण समजतो, इथं क्रम उलटा होता, हात आधी हलले आणि मन मागनं आलं, ते पण रोज नाही.

विचारांवर मॅडम दोन महिन्यांनी आल्या, आणि तेही पॉझिटिव्ह करायला नाही. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत आणली, जी मराठीत प्रा. कि. मो. फडके यांनी रुजवली, ती वापरली. एलिसचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला इच्छा त्रास देत नाही, हट्ट त्रास देतो. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे पण आपल्या मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. मॅडमनी त्याला मनातलं खरं वाक्य लिहायला सांगितलं, एकवीस वेळावालं नाही, खरं. त्यानं लिहिलं, "माझी पोस्ट निघायलाच पाहिजे, नाहीतर मी फुकट गेलो." मॅडमनी पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, यातला "च" खोडा आणि परत वाचा. "माझी पोस्ट निघायला पाहिजे." त्यानं दोन-तीनदा वाचलं. म्हणाला, "हे तर नुसतं वाटणं झालं." मॅडम म्हणाल्या, हो, इच्छाच आहे ती, असू द्या. आता दुसरा अर्धा भाग खरा आहे का बघू. त्या दुसऱ्या भागावर चार भेटी गेल्या.

त्यातच एक दिवस त्यांनी त्याला ते लिहायला लावलं जे चार वर्षं त्याला बघायचीच बंदी होती: पोस्ट कधीच निघाली नाही तर नेमकं काय काय होईल. त्यानं पावणेदोन पानं लिहिलं. आप्पांचे सव्वाचार लाख गेले. लग्नाला अडचण येणार. भावकी हसणार. वर्गातली पोरं पुढं गेली. प्रत्येकासमोर मग काय करणार ते लिहायचं होतं. भावकी हसणार याच्यासमोर त्यानं लिहिलंय, "हसतील. दोन दिवाळ्या हसतील." त्या रात्री तो नऊ वाजता झोपला ते सकाळी सहाला उठला. मला वाटतं ज्याच्याकडं पाठ करून पळत होता त्याच्याकडं तोंड केलं एवढंच, ते लहान झालं नाही, पण त्याची लांबी-रुंदी कळली.

राहिले आप्पा. त्यांना सांगायचं की आता पुण्याला जात नाही. तो आठवडाभर टाळत होता, मग ज्वारीत कोळपणी चालू असताना बांधावर बसून सांगितलं, मी तिथंच होते. आप्पा काही वेळ मातीच चुरगाळत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं होतं रं. तुझ्या तोंडाकडं बघून कळत नाय व्हय?" आणि थोड्या वेळानं, "मी पेरताना पीक येणारच म्हणून पेरतो असं वाटतं का तुला? तसं म्हणलं असतं तर दुष्काळाला येडा झालो असतो. वापसा आला की पेरायचं. नाय आलं तर कडबा तरी हुतो."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, वापसा म्हणजे पाऊस थांबून रानात पाय रुतत नाही पण ओल असते ती अवस्था. आमची रब्बीची ज्वारी त्या साठलेल्या ओलीवरच येते, पेरल्यानंतर पाऊस पडला तर पडला. त्यामुळं आप्पांच्या बोलण्यात आशा आणि निराशा दोन्ही नसते, ते मूठभर माती दाबून बघतात आणि ठरवतात. लहानपणापासून हे बघत होतो आम्ही, आणि माझा भाऊ साडेसहा हजार देऊन दुसरंच काहीतरी शिकून आला.

फेब्रुवारी २०२३ ला ज्वारीची काढणी आली. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, दोन्ही हातांनी धरून कमरेतून झटका द्यायचा, पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी फुटतात. धाकटा पाच वर्षांनी रानात उतरला होता. त्याच दिवसांत पुण्यात मुलांचं आंदोलन चालू होतं, मुख्य परीक्षेचा नवा वर्णनात्मक पॅटर्न (पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची) २०२५ पासून लावा म्हणून, आणि आयोगानं ते मान्य केलं. त्याला मित्रांचे फोनवर फोन येत होते. त्यानं एकाला फोड आलेल्या हाताचा फोटो पाठवला. मला म्हणाला, "अक्का, हात भयंकर दुखतोय, पण आज दिवसभर मी कसा आहे हे मी स्वतःला विचारलंच नाही." वहीत त्या दिवशीचे मार्क लिहायचे राहिले.

आता तो जवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतो, ज्वारीची स्वच्छता, ग्रेडिंग, पॅकिंग, गाड्या भरणं. पगार अठरा हजार. संध्याकाळी गावातल्या सात-आठ पोरांना स्कॉलरशिपचं गणित शिकवतो आणि प्रत्येकाला चुकांची वही ठेवायला लावलीय. लातूरच्या त्या मित्राला त्यानं फोन करून माफी मागितली, हे मला मित्राकडूनच कळलं.

काही गोष्टी स्पष्ट सांगते. चांगलं होईल असं वाटणं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, ज्याला ते आतून वाटतं त्याला वाटू दे, माझ्या एका मैत्रिणीला खरंच तसं वाटतं आणि तिचं छान चाललंय. पण ज्याला वाटत नाही त्याला वाटून घ्यायला लावू नका. मी ते सकाळचे व्हिडिओ पाठवायचे बंद केले, आता "जेवलास का" विचारते. आणि धाकटा आता कायम आनंदात असतो असंही नाही. नोव्हेंबर आला की त्याला जड जातं, का कोण जाणे. लग्नाची दोन स्थळं नोकरी ऐकून परत गेली, तेव्हा तो चार दिवस गप्प होता, आम्ही पण त्याला हसवायला गेलो नाही, आई फक्त ताट वाढून शेजारी बसायची.

एमपीएससीच्या मागच्या निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गावी थांबणार होते, तो म्हणाला गरज नाही. यादी त्यानं स्वतः उघडली, सोबतची दोन नावं होती त्यात, दोघांना फोन लावून अभिनंदन केलं आणि ओट्यावर बसून राहिला. आईनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, नको वाटतंय, पण बसतो. एक भाकरी खाल्ली. तीनला कंपनीत ट्रक लागणार होता म्हणून गेला. रात्री साडेनऊला मला फोन आला. "आज वाईट वाटलं अक्का. लई वाईट वाटलं. ट्रक वेळेत गेला."